माझ्या पेपरासाठी एकवीस उपास

आठवणी लिहायच्या तर डोक्यावर थोडे तरी पांढरे केस असावेत, असं मला वाटतं. माझे सगळे काळे आहेत. मी अजून एम.ए.च्या वर्गात मागच्या बाकावर बसते आणि सरांनी प्रश्न विचारला की वहीत उगाच काहीतरी शोधू लागते. तरीही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातले ते दिवस लिहून ठेवावेत असं वाटतं, कारण त्या दिवसांत दारव्ह्यातली माणसं माझ्यासाठी आळीपाळीनं उपाशी राहत होती. निदान भिंतीवरच्या तक्त्यात तसं लिहिलेलं होतं.

आमच्या घरी सकाळ व्हायची ती बाबांच्या काळीपिवळीच्या खोकल्यानं. दारव्हा ते यवतमाळ आणि परत, दिवसातून चार फेऱ्या करणारी ती जीप चालू व्हायच्या आधी पाच-सहा वेळा खाकरायची, आणि तेवढ्या वेळात आई चुलीपुढे डोळे मिटून प्रार्थना करायची. तिची प्रार्थना आणि जीपचं खाकरणं बहुतेक एकाच वेळी संपायचं. जीप सुरू झाली की आई "आमेन" म्हणायची, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की गाडी प्रार्थनेवरच चालते. बाबा म्हणायचे, "डिझेलवर चालते, पण तुह्या मायले नको सांगू." मग आई त्यांच्या डब्यात भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी भरायची आणि स्वतः शाळेत निघायची. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. बाप्तिस्मा आमच्या घरात तिघांचाही झाला होता, पण विश्वास ठेवायचं काम घरात मुख्यतः आईकडे होतं, जसं बाबांकडे डिझेलचं.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, भरायची शकीलचाचांच्या मोटारसायकल गॅरेजच्या वरच्या हॉलमध्ये. हॉल म्हणजे टिनाच्या छताची लांबट खोली. त्यात बसलेल्या चाळीस माणसांना पास्टर माइकवरून उपदेश करायचे. तोंडानं बोलले असते तरी खालच्या गॅरेजपर्यंत ऐकू गेलं असतं, पण विश्वासात येण्याआधी पास्टर मांडव आणि लाउडस्पीकरचा धंदा करायचे. माणूस धंदा सोडतो, माइक सोडत नाही. मनानं मात्र फार मऊ माणूस. कुणाचं मूल आजारी पडलं की स्वतःच्या मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात न्यायचे आणि वाटेत रस्ताभर प्रार्थना करायचे, तीही मोठ्यानं, त्यामुळे समोरची वाहनं आपोआप बाजूला व्हायची.

मी कॉलेजात गेले तेव्हा पास्टरांनी रविवारी माइकवरून जाहीर केलं होतं की आपल्या मंडळीतली पहिली पदवीधर मुलगी करुणा हीच होणार. मी तेव्हा अजून एकही तास बसले नव्हते. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो फिरला. त्याखाली चौतीस जणांनी हात जोडले. मग पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि मी इंग्रजीत नापास झाले. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारख्या बऱ्याच मुली झाल्या होत्या, पण त्यांच्यासाठी चौतीस जणांनी हात जोडले नव्हते. घरी मी सांगितलं, "इंग्रजीचा पेपर पुन्हा होणार आहे." हे खोटं नव्हतं. आई म्हणाली, "युनिवर्सिटीचा काई घोळ झाला असन." मी गप्प राहिले. गप्प राहणं खोटं बोलण्यात मोडतं की नाही, यावर मी पुढे बराच विचार केला. मोडतं.

नापास विषयाचा फॉर्म वेगळा भरायचा असायचा. कॉलेजच्या व्हरांड्यातल्या एका खिडकीपुढे त्याची रांग लागायची आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण रांगेकडे पाहायचा. मी तीन दिवस त्या रांगेत उभी राहिले. तिन्ही दिवस माझ्यापुढे दोनच जण उरले की मला काहीतरी आठवायचं, पाणी प्यायचं राहिलंय किंवा वाचनालयात पुस्तक द्यायचं आहे, आणि मी रांगेतून बाहेर पडायचे. चौथ्या दिवशी धीर करून गेले तर खिडकी बंद होती. तारीख संपली होती. म्हणजे त्या खेपेला मला परीक्षेला बसताच येणार नव्हतं. हे मला ठाऊक होतं आणि त्या खिडकीला ठाऊक होतं, बाकी जगात कुणालाच नाही.

त्याच आठवड्यात आईनं मंडळीत उभं राहून विनंती केली, "माह्या करुणाचा इंग्रजीचा पेपर हाये. जरा कठीण हाये म्हणते. प्रार्थनेत आठवण ठेवा." ती बसते न बसते तोच पास्टरांनी माइक उचलला. नुसती प्रार्थना नाही, साखळी उपवास-प्रार्थना, पूर्ण एकवीस दिवस. रोज एकानं सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत फक्त पाण्यावर राहायचं आणि संध्याकाळी सगळ्यांनी त्याच्या घरी जमून त्याचा उपास सोडायचा. "आन् एकविसाव्या दिवशी," पास्टरांचा आवाज टिनावर आदळून परत आला, "करुणा आपलं हॉल तिकीट घेऊन येईन. आपन त्या हॉल तिकिटाले तेल लावून, हात ठेवून अभिषेक करू. पेनालेही करू." सगळे "आमेन" म्हणाले. मीही म्हणाले. त्या आमेनची आठवण आली की आजही मला घाम फुटतो.

तक्ता विमलबाईंनी केला. त्या अंगणवाडीसेविका, त्यामुळे तक्ता करणं हे त्यांना श्वास घेण्याइतकं सोपं. बालकांच्या वजनाच्या तक्त्यात जसे रंग असतात, हिरवा म्हणजे चांगलं, पिवळा म्हणजे लक्ष द्या आणि लाल म्हणजे धोका, तसेच रंग त्यांनी उपासाच्या तक्त्यात दिले. फक्त पाण्यावर राहिलं तर हिरवा. चहा घेतला तर पिवळा. काही खाल्लं तर लाल. दिवसा अंगणवाडीत ज्याच्या पोटात अन्न त्याला हिरवा, आणि संध्याकाळी मंडळीत ज्याच्या पोटात काही नाही त्याला हिरवा. विमलबाईंना यात काही वावगं दिसलं नाही. त्यांचा हात रंगात पक्का होता.

पहिला वाद साबुदाण्यावर झाला. आमच्यापैकी बहुतेकांच्या माहेरी-सासरी अजून एकादश्या आणि चतुर्थ्या चालू होत्या आणि उपास म्हटलं की जिभेला शेंगदाण्याचं कूट आठवायचं. एका बाईनं भीत भीत विचारलं, "पास्टर, भगर नाई, साबुदाना नाई, मंग उपास कळन कसा?" पास्टरांनी समजावलं की आपला उपास देवाला कळायचा असतो. "देवाले तं कळनच," ती म्हणाली, "पोटाले कसा कळन म्हणते मी." खाली गॅरेजात शकीलचाचांना हे सगळं माइकवरून ऐकू जायचं. बाबा जीपचं ऑइल पाहायला गेले की ते विचारायचे, "क्या भाऊ, पानी चालू है तुम्हारे रोजे में?"

"पाणी चालते."

"और चाय?"

"चाय पिवळी हाये."

"चाय तो पीलीच रहती है भाऊ. चलती है क्या?"

बाबांनी मग तक्त्याचे रंग समजावून सांगितले. शकीलचाचांनी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "तुम लोगों ने तो सिग्नल लगा दिया."

पहिल्या दिवशी विमलबाईंनी स्वतः उपास धरला आणि स्वतःच स्वतःला हिरवा रंग दिला. त्यांच्याकडे संध्याकाळी वरण-भात झाला. दुसऱ्या दिवशी ज्यांच्याकडे होता त्यांनी वरण-भातासोबत पोळ्या आणि आलूची भाजी केली, कारण विमलबाईंपेक्षा कमी करणं बरं दिसलं नसतं. चौथ्या दिवसापर्यंत पुऱ्या आल्या, आठव्याला पाटवड्यांची रस्सेदार भाजी आणि अकराव्याला अंडाकरी. उपास एकाचा असायचा, पण सोडायला चाळीस जण यायचे आणि उपास धरणारा माणूस नेहमी शेवटी जेवायचा, कारण तो वाढत असायचा. काही जण तर मला दिवसभर असे हिशेबानं कमी खाताना दिसले की संध्याकाळी दुसऱ्याचा उपास जोरात सोडता यावा. मंडळीत इतकं जेवण याआधी फक्त लग्नात झालं होतं.

आणि या सगळ्यात सर्वांत जास्त जेवत होते मी. "खा माय, तुले शक्ती पायजे. तुह्यासाठी तं चालू हाये सारं." प्रत्येक घरी माझ्या ताटात आधी वाढलं जायचं आणि मग पुन्हा वाढलं जायचं. मी नको म्हटलं तर त्या घरातल्या उपाशी माणसाचे डोळे भरून यायचे. जी परीक्षा मला देताच येणार नव्हती तिच्यासाठी मी दोन-दोन अंडी खात होते. घास गिळताना मी मनात ठरवायचे, उद्या सांगीन. पण उद्या ज्याचा उपास असायचा तो आज माझ्या शेजारी बसून मला म्हणायचा, "पाह्य करुणा, मी तं चहा बी सोडणार हाये तुह्यासाठी," आणि मी पुढचा घास घ्यायचे.

आज विचार करते तर वाटतं, मी त्यांच्या रागाला घाबरत नव्हते. त्यांना राग येईल असं मला वाटतच नव्हतं. वाटत होतं ते इतकंच की ते सगळे मिळून मला माफ करतील, माइकवर.

बाबांचा दिवस नववा होता. सकाळी जीपनं खाकरून घेतलं, आई आमेन म्हणाली आणि बाबा डबा न घेता निघाले. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. आईनं दारातून पाहिलं आणि मला म्हणाली, "तुह्या बाबाले प्रभूनं हात लावला." संध्याकाळी बाबा आले ते फार शांत आणि सात्त्विक दिसत होते. विमलबाईंनी विचारलं, "काय भाऊ, हिरवा?" बाबा म्हणाले, "हिरवा." त्यांना एक ढेकर आली. ती त्यांनी फार श्रद्धेनं दाबली.

सतरावा दिवस पार्वताबाईंचा होता. पार्वताबाई आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, एकट्या राहणाऱ्या, बाजाराच्या दिवशी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, आणि मेथीच्या जुड्या विकणाऱ्या. बाप्तिस्म्याच्या वेळी पास्टरांनी त्यांना नवं नाव सुचवलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "देवानं बदललं मले, थे ठीक हाये. रेशनकार्ड कोण बदलन?" त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी मी त्यांना शास्त्रातला एक अध्याय वाचून दाखवायचे. त्यांना शुगर होती. डॉक्टरांनी गोळीच्या वेळा आणि जेवणाच्या वेळा एका कागदावर सूर्य-चंद्राची चित्रं काढून दिल्या होत्या. त्यांनी उपास धरू नये असं आईनं दोनदा सांगितलं, पास्टरांनीही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मले वाचता येत नाई म्हणून पोट्टी मले वाचून देते. तिच्या पेपरासाठी मी एक दिवस पोट बी नाई आवरू?" मग त्यांनी पास्टरांना एकच गोष्ट विचारली, गोळी घेतली तर उपास मोडतो का. पास्टरांना वाटलं, निदान औषध तरी सुटायला नको. ते म्हणाले, "नाई मोडत. गोळी म्हणजे काई अन्न नव्हे." एवढा चांगला हेतू आणि एवढा वाईट सल्ला एकाच वाक्यात मी पुन्हा कधी ऐकला नाही.

त्या सकाळी मी गेले तर दार नुसतं लोटलेलं होतं. पार्वताबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. कपाळावरून घाम गळत होता, हात थरथरत होते, आणि मला पाहून त्यांनी जे म्हटलं त्यातला अर्धा शब्दच बाहेर आला. शेजारी गोळ्यांचं पाकीट होतं, एक घर रिकामं. गोळी घेऊन झाली होती, पोटात काही नव्हतं. एवढं मला कळत होतं, कारण बाबांच्या जीपमध्ये असंच एकदा एका माणसाला झालं होतं आणि चहावाल्यानं त्याला साखर चारली होती. मी डब्यातली साखर पाण्यात कालवली आणि पेला त्यांच्या तोंडाला लावला. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"घ्या न आजी."

त्यांनी मान हलवली. "दिवस... बुडाल्यावर."

"तुमची शुगर उतरली आहे. घ्या लवकर."

"तुहा... पेपर हाये," त्या म्हणाल्या. "माह्यानं... मोडाचा नाई."

मी त्यांना सांगितलं की देव समजून घेईल. त्यांनी ओठ उघडले नाहीत. मी म्हटलं, पास्टरांना बोलावते. ओठ नाहीत. त्यांचे डोळे जड होऊ लागले होते आणि साखरेचं पाणी त्यांच्या लुगड्यावर सांडत होतं. आणि तेव्हा मला कळलं की ते ओठ उघडतील अशी जगात एकच गोष्ट आहे, ती माझ्याजवळ आहे आणि ती सोळा दिवसांपूर्वीच बाहेर यायला हवी होती.

"आजी, पेपर नाही," मी म्हणाले. "मी फॉर्मच भरला नाही. मी नापास झाले होते आणि फॉर्म भरला नाही. मला परीक्षेला बसता येणारच नाही. कुणाचाच उपास कशासाठीच नाही."

पार्वताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. मी दुसरा पेला केला, तोही प्यायल्या. हळूहळू थरथर थांबली, घाम सुकला. शिळी भाकर होती ती मी दुधात कुस्करून दिली. अर्धी भाकर पोटात गेल्यावर त्यांचा आवाज परत आला आणि त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "पोट्टे, हे काल सांगतलं असतं तं मी सकाळी चहा तरी घेतला असता न व."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं आणि भाकर संपवली. मग म्हणाल्या, "मी कोणाले सांगत नाई. तुही गोष्ट हाये, तू पाह्य. पण संध्याकाळी सारे माह्या घरी येतीन, अन् थे विमल मले विचारन, हिरवा का म्हणून. मी काय सांगू? सत्तर वर्स झाले, खोटं हिरवं नाई विकलं मी. बासी मेथी बासी म्हणून विकली."

संध्याकाळी त्यांच्या एवढ्याशा घरात सगळे दाटीवाटीनं बसले. माणसं दाराबाहेर, नालीच्या फरशीपर्यंत होती. पास्टरांनी लहान स्पीकर आणला होता. स्तुतीचं गाणं झालं. विमलबाईंनी तक्त्याची गुंडाळी उघडून तो मांडीवर घेतला, हिरवा खडू काढला आणि विचारलं, "काय आजी?" पार्वताबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मी उभी राहिले. पास्टरांनी मोठ्या प्रेमानं माइक माझ्या हातात दिला, आणि त्यामुळे मी जे सांगितलं ते गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकलं. नापास झाले. रांगेतून पळाले. फॉर्म नाही, हॉल तिकीट नाही, पेपर नाही. सोळा दिवस तुमच्या घरी जेवले. आजी आज सकाळी माझ्यामुळे गेल्या असत्या. मला क्षमा करा.

स्पीकर घरघरत होता. आईकडे मी पाहिलं नाही. सगळ्यांत आधी हलल्या विमलबाई. त्यांनी हातातला हिरवा खडू डबीत ठेवला, डबी बंद केली आणि मान खाली घालून म्हणाल्या, "मीबी सांगून देते. पहिल्या दिवशी अंगणवाडीत लेकराईले लाडू वाटले. एक फुटला होता. फुटलेला लेकराले कसा द्यावा?"

"खाल्ला?" पास्टरांनी विचारलं.

"दोन फुटले होते."

मग दारातून एक आवाज आला की तिसऱ्या दिवशी सासरचे पाहुणे आले होते आणि त्यांच्यापुढे पोह्यांना नाही म्हणणं शोभलं नसतं. दुसऱ्या कुणाला पेरूची बाग राखायची होती. एकानं सांगितलं की त्यानं खाल्लं काहीच नाही, फक्त उसाचा रस प्यायला, आणि रस पाण्यात धरायचा की अन्नात हे त्यानं मुद्दाम कुणाला विचारलं नाही. बाबा बराच वेळ आपल्या चपलेकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, "आलूबोंडा." थांबून म्हणाले, "दोन. यवतमाळच्या स्टँडवर." पुन्हा थांबले. "परतीच्या फेरीले बी दोन." पास्टरांनी माझ्या हातातून माइक घेतला, त्याचं बटन बंद केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते आमच्याशी साध्या आवाजात बोलले. त्यांनी ग्लुकोजच्या बिस्किटांचा एक पुडा सांगितला. अख्खा. मोटारसायकलवर, प्रार्थना करता करता.

लोक हसू लागले. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. पार्वताबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मलाही हलकं वाटू लागलं होतं. अशी माफी मिळेल असं मला वाटलं नव्हतं, की माझं पाप इतरांच्या लाडू-बोंड्यांत मिसळून जाईल आणि शोधूनही सापडणार नाही. तेवढ्यात आई उभी राहिली. सगळे तिच्याकडे हसऱ्या तोंडानं पाहू लागले. बाबा म्हणाले, "सांग, सांग, तू काय खाल्लं थे."

"मी काई नाई खाल्लं," आई म्हणाली. "सहावा दिवस माहा होता. शाळेत ऐंशी लेकराईची खिचडी शिजवली अन् मीठ चाखून नाई पाह्यलं. उपास होता न. मीठ दोनदा पडलं. लेकराईनं एकेक घास घेतला अन् सारी खिचडी फेकली. काई लेकरं घरून काईच खाऊन येत नाई. थे तसेच बसले वर्गात, उपाशी. मोठ्या गुरुजीनं मले सांगतलं, बाई, तुमच्यापाशी ही अपेक्षा नव्हती." मग म्हणाली, "मी घरी सांगतलं नाई. मनात म्हटलं, जाऊ दे, करुणाच्या पेपरासाठी झालं."

ती बसली. कुणी आमेन म्हटलं नाही. विमलबाईंनी तक्ता गुंडाळला. बाहेर कुणाचं तरी लहान मूल रडत होतं तेवढा आवाज येत होता. पास्टरांनी प्रार्थना केली, माइकशिवाय, फार छोटी, आणि तिच्यात माझं नाव नव्हतं, त्या लेकरांचं होतं. मग सगळे न जेवता उठले. पार्वताबाईंच्या घरी शिजवलेला भात त्या दिवशी तसाच राहिला. आईचा सोडला तर साखळीतला खरा उपास झाला तो तोच एक, चाळीस जणांचा, आणि तो कुठेच लिहिला गेला नाही.

घरी येईपर्यंत आई माझ्याशी बोलली नाही. बाबा मागून हळूहळू येत होते, जणू नापास तेच झाले होते. घरात शिरल्यावर आईनं चूल पेटवली, पीठ मळलं, भाकरी थापली. मी कोपऱ्यात बसून होते. तिनं ताट माझ्यापुढे सरकवलं. मी म्हटलं, मी जेवणार नाही, उद्याही नाही, मी खरा उपास करीन. हे मी फार मनापासून म्हटलं होतं.

"कायले?" आई म्हणाली. "कोणाले दाखवाले?"

मी ताटाच्या कडेवरून बोट फिरवू लागले.

"फॉर्म पुन्हा कधी भरता येते?"

"पुढच्या खेपेला. सहा महिन्यांनी."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "मंग सहा महिने पोटभर जेव," ती म्हणाली, "अन् इंग्रजी वाच. उपाशी पोटानं कोणाचं काई नीट होत नाई, मी करून पाह्यलं."